मूल कोण सांभाळतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'संशोधन' असा शब्द छापलाय. तो वाचून मला जरा घामच फुटला. माझं शिक्षण म्हणजे बाहेरून दिलेली सातवीची परीक्षा आणि पुढं बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण. संशोधनाशी माझा संबंध आला तो प्रश्नावल्या भरणारी बाई म्हणून. बाहेरगावच्या संस्था आमच्या सोलापुरात पाहणीला येतात. त्यांना वस्तीतली, मराठीबरोबर तेलुगू आणि थोडं कानडी बोलणारी, कुठल्या घरात किती वाजता गेलं तर बाई बोलायच्या मनःस्थितीत असते हे ठाऊक असलेली एखादी लागते. ती मी. अहवाल वरून कसा दिसतो ते इथं बसलेल्या शिकलेल्या मैत्रिणी सांगतील. तो खालून कसा भरला जातो तेवढं मी सांगते.

२००९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. लहान मुलांचं पोषण, सांभाळ आणि शिक्षण अशी एक मोठी पाहणी होती. प्रश्नावली चांगली जाडजूड. त्यात एक प्रश्न असा: 'घरातील सहा वर्षांखालील मुलाला दिवसा मुख्यतः कोण सांभाळते?' खाली चौकटी. आई, आजी, इतर नातेवाईक, शेजारी, संस्था, कोणी नाही. एका चौकटीत खूण करायची आणि पुढं जायचं. एका घराला चाळीस मिनिटं, त्याहून जास्त लागली तर सुपरवायझर बोलायचा.

मी एका विडी कामगार बाईच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली. बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या कपड्यात गुंडाळलेली पानं. पलीकडं आढ्याला झोळी बांधलेली, त्यात आठ-नऊ महिन्यांचं मूल. झोळीची दोरी साधारण दहा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. हातात कात्री, ती पानं कातरत होती, आणि पाय हलवून झोळी झुलवत होती. तीन वर्षांची आणखी एक तिच्या पाठीला लोंबकळत होती. मी प्रश्न वाचला. बाई मान वर न करता म्हणाली, "मीच की. दुसरं कोण हाय?" मी 'आई' या चौकटीत खूण केली. पोरीनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. पाय हलतच होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. बाई खोटं बोलली होती असं नाही. ती दिवसभर घरात होती, लेकरांवर तिचा डोळा होता. पण तिचे हात तिचे नव्हते, ते हजार विड्यांना बांधलेले होते. संध्याकाळी कारखान्यात माल दाखवायचा, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढतील त्यांची मजुरी गेली. अशा बाईला 'आई सांभाळते' म्हणून लिहिलं आणि एक खरी गोष्ट कागदावरून पुसली गेली. त्या पोरीला आमच्याकडं अक्का म्हणतात. तेलुगूत, कानडीत आणि आमच्या सोलापुरी मराठीतही थोरली बहीण ती अक्का. अक्काला चौकटच नव्हती. फार तर 'इतर नातेवाईक'.

मला झोप न येण्याचं कारण तुम्ही ओळखलं असेल. ती अक्का मी होते.

माझी आई विड्या वळायची. आम्ही चार भावंडं, मी थोरली. मी चौथीत होते तेव्हा धाकटा भाऊ झाला. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे. गुरुजी वाईट नव्हते, पण वर्गात मूल रडायला लागलं की म्हणायचे, "तू ये, याला घरी ठेव." घरी कुणाकडं ठेवू, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन-तीन वेळा असं झालं आणि शाळा सुटली. कुणी काढली नाही, सुटली. आमच्या भागातल्या पोरींच्या शाळेची गोष्ट विचारा, हेच क्रियापद ऐकायला मिळतं.

एका दुपारी मी दारात मैत्रिणींबरोबर सागरगोटे खेळत बसले. आई तांदूळ आणायला गेली होती. भाऊ दीड वर्षाचा असेल. तो रांगत सुपापर्यंत गेला आणि त्यानं मूठभर तंबाखू तोंडात कोंबली. मी आत आले तेव्हा त्याला उलट्या होत होत्या, मान टाकली होती. शेजारच्या काकांनी सायकलवर घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. आज तो टॉवेलच्या मागावर काम करतो, चांगला धडधाकट आहे. पण त्या दिवशी आईनं मला मारलं, आणि बाप कामावरून आला त्यानं पुन्हा मारलं. मी नऊ-दहा वर्षांची होते. मला वाटलं बरोबरच आहे, माझ्या हातून मूल मेलं असतं. हे मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बालवाडीच्या प्रशिक्षणात बाईंनी 'बालकाची सुरक्षितता' हा धडा शिकवला, तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की त्या खोलीत बालकं किती होती? एक की दोन?

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. तर थोडं आणखी जुनं सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. गावात बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली, पाड्यावरची मुलं तिथं येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला. पुढं १९५० च्या दशकात त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. तिथं त्यांनी बघितलं, की वारली मुलगी शाळेत आली तर कडेवर भावंड घेऊन येते, नाहीतर येतच नाही. त्यावर त्यांनी काढलेली तोड अशी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. नाव विकासवाडी. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, अक्का वर्गात. आणि गुरं राखणाऱ्या मुलांमागं शाळाच रानात न्यायची, ती कुरणशाळा. या दोघींनी कुणाला चौकटीतून उत्तर विचारलं नव्हतं. कोण कुणाला उचलून आणतंय ते डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या मते आपल्या राज्यातलं बालसंगोपनावरचं पहिलं संशोधन हेच.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ३३ प्रकल्पांपासून. नाव घेतलं अंगणवाडीचं. योजना मोठी आहे, तिला मी कमी लेखत नाही. सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला २००१ मध्ये उभा राहिला आणि १३ डिसेंबर २००६ चा निकाल आला, तेव्हा कुठं अंगणवाड्या वाडी-वस्तीपर्यंत पोचायला लागल्या. पण विकासवाडीतलं पाळणाघर मात्र वाटेत गळालं. तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीकडून घरी न्यायचा शिधा मिळतो, लस मिळते, वजन होतं, बसायला जागा मिळत नाही. तीन वर्षांवरच्याला जागा मिळते ती चार-साडेचार तास. विडीवालीचा, धुणीभांडीवालीचा, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईचा दिवस किती तासांचा असतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे अंगणवाडी सुरू झाली तरी सकाळी तिला सोडायला कोण जाणार, दुपारी आणायला कोण जाणार? अक्काच. आणि तिची शाळा त्याच वेळी.

कायद्याचं म्हणाल तर तो कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबला. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर पाहिजे असं कलम होतं. मालक एकोणतीस बायका ठेवतो, ही गोष्ट तर प्रत्येक युनियनवालीला पाठ आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यातही पाळणाघर होतं, पण कारखान्याच्या जागेपुरतं. तो कायदा आल्यावर बऱ्याच ठिकाणी मालकांनी कामच घरोघर वाटून टाकलं. विडी घरी आली, पाळणाघर कारखान्यातच राहिलं. तेही कागदावर. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात पाळणाघरासाठी पन्नास कामगारांचा आकडा आहे आणि तो बायका-पुरुष मिळून मोजायचा आहे. बायकांची संख्या मुद्दाम कमी ठेवायची पळवाट त्यानं बंद होईल, हे चांगलंच. पण स्वतःच्या खोलीत एकटी बसून वळणाऱ्या बाईला पन्नास आणायचे कुठून?

आता मोठ्या संशोधनाकडं येते. पाच-सहा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेतल्या पेरी नावाच्या बालवाडीची गोष्ट सांगितली होती. मिशिगन राज्यात यिप्सिलांटी म्हणून गाव आहे. तिथं १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला चांगली बालवाडी दिली, दुसऱ्याला नाही, आणि मग त्या मुलांचा पुढं चाळीस वर्षं आणि त्याहून जास्त मागोवा घेतला. बालवाडीतली मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, तुरुंगात कमी गेली. एका डॉलरच्या खर्चामागं सात डॉलर परत येतात, असा हिशेब १९९३ मध्ये निघाला. जगभर सरकारांना पटवायला हाच हिशेब दाखवतात. आम्ही सगळ्याजणी भारावून गेलो. मी घरी येऊन माझ्या नवऱ्यालाही सांगितलं.

नंतर आमच्या संस्थेतल्या एका इंग्रजी वाचणाऱ्या मैत्रिणीला मी म्हटलं, बाई, ती बालवाडी किती तास होती ते बघ ना. तिनं शोधून काढलं. रोज सकाळी अडीच तास. शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जायची, दीड तास आईशी आणि मुलाशी बसायची. म्हणजे आई घरी असणार हे धरलेलं. आणि आणखी एक बारीक गोष्ट तिनं वाचून दाखवली. चिठ्ठ्या टाकून झाल्यावर, बालवाडीच्या गटात आलेली काही मुलं दुसऱ्या गटात हलवली होती. का? तर त्यांच्या आया एकट्या होत्या आणि कामावर जायच्या. त्यांना मुलाला आणणं-नेणं आणि घरभेटीला थांबणं जमणारं नव्हतं.

हे ऐकून मी किती वेळ गप्प बसले. यिप्सिलांटी कुठं आणि सोलापूर कुठं, पण ती आई मला ओळखीची वाटली. बालवाडीची गरज जिला सगळ्यांत जास्त, तिचंच मूल प्रयोगातून बाजूला काढलं, आणि तेही कुणाच्या दुष्टाव्यानं नव्हे, वेळापत्रकात बसेना म्हणून.

उलटही उदाहरण तिथंच आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ पासून अबेसिडेरियन नावाचा एक प्रयोग झाला. तान्ह्या वयापासून पाच वर्षांपर्यंत, दिवसभर, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे. मुलांना फायदा झालाच, पण आयांनाही झाला. विशेषतः कमी वयात आई झालेल्या मुली पुढं शिकल्या, कामाला लागल्या. तास वाढवले तर आईचं आयुष्य हलतं, हे त्यांच्या तक्त्यात उतरलं. पण भाषणांत सांगतात ती पेरीची गोष्ट. अडीच तासांची बालवाडी स्वस्त पडते हे त्याचं एक कारण असावं, असा मला आपला संशय आहे.

आपल्याकडचंही संशोधन आहे, आणि ते पाहण्यासारखं आहे. आसाम, राजस्थान आणि तेलंगण या तीन राज्यांत चार वर्षांच्या हजारो मुलांमागं संशोधक आठ वर्षांची होईतो फिरले. २०१७ मध्ये अहवाल आला. त्यात दिसलं ते असं, की मूल सरळ रेषेत चालत नाही. आज अंगणवाडीत, उद्या खाजगी केजीत, परवा पाच वर्षांचं होण्याआधीच पहिलीत, मग पुन्हा घरी. दुसरं असं, की अंगणवाडीत खेळ-शिकणं फार थोडं, आणि खाजगीत पाटीवर गिरवणं फार. लहान मुलाला साजेसं दोन्हीकडं नाही. पहिलीत जाताना बहुतेक मुलांची तयारी कच्ची.

हे वाचून काही मैत्रिणी लगेच आयांना नावं ठेवतात, की विड्या वळून पैसे साठवतात आणि गल्लीतल्या इंग्लिश मीडियमला घालतात. मी म्हणते, जरा थांबा. त्या केजीच्या दाराशी रिक्षा येते. बाई दुपारपर्यंत मूल सांभाळतात, वरती पन्नास रुपये दिले तर संध्याकाळपर्यंत. आई एबीसीडीपेक्षा वेळ विकत घेते.

भाषेचं मात्र खरंच वाईट आहे. आमच्या वस्तीत एका अंगणवाडीत घरी तेलुगू बोलणारी मुलं, कानडी बोलणारी, दखनी बोलणारी, आणि वीटभट्टीवरून आलेली, गोरमाटी बोलणारी. गाणी सगळी पुस्तकी मराठीतली. माझ्या बालवाडीत एक मुलगा होता, तीन महिने तोंड उघडलं नाही. मदतनीस म्हणायची मुका आहे. एके दिवशी पाऊस आला, मी घाईत ओरडले, "इटु रा, इटु रा!" म्हणजे तेलुगूत, इकडं ये. तो धावत आला आणि एकदम इतकं बोलायला लागला की थांबेना. तीन महिन्यांचं साठलेलं. तो मुका नव्हता आणि मी तेलुगू बोलायची नाही असंही नव्हतं, मला फक्त वाटायचं की शाळेत ते बोलायचं नसतं. माझ्या गुरुजींनी मला तसंच शिकवलं होतं. पाहणीच्या कागदावर या मुलाचे गुण किती पडले असते सांगा. चित्र दाखवून 'हे काय आहे' विचारणार मराठीत, आणि तो गप्प. लिहिणार: बौद्धिक विकास कमी.

तमिळनाडूत एक प्रयोग झाला, तो मला फार पटला. ३२० अंगणवाड्या घेतल्या. त्यांतल्या निवडलेल्या अंगणवाड्यांत अर्ध्या दिवसासाठी एक जास्तीची बाई नेमली, तिनं फक्त मुलांना शिकवायचं. एवढाच बदल. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित आणि भाषेचे गुण वाढले. आणि जुन्या सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला, म्हणून कुपोषणही कमी झालं. कुणाला नवल वाटेल, मला नाही वाटलं. आमच्या सेविकेकडं खिचडी, वजन, रजिस्टरं, लसीकरणाची यादी, गरोदर बायका, मतदार यादी आणि वर मोबाईलमधला ॲप. एका बाईला दोन हात, हे सिद्ध करायला एवढा मोठा प्रयोग लागला.

आणि म्हणून आपल्याला, बायकांच्या संघटनांना, एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण मागणी करतो की अंगणवाडी दिवसभर चालवा, तिथं पाळणाघर जोडा. बरोबर आहे. पण ती चालवणार कोण? सेविकेला सरकार 'मानसेवी' म्हणतं, पगार देत नाही, मानधन देतं. मार्च २०१८ मध्ये याच सरकारी व्यवस्थेनं तिला अत्यावश्यक सेवेच्या कायद्यात, मेस्मात घातलं, म्हणजे तिनं संप करायचा नाही. ओरड झाल्यावर ते मागं घ्यावं लागलं. संप करू नये इतकी अत्यावश्यक, आणि पगार द्यावा इतकी नाही! २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो पन्नास दिवसांवर चालला. त्या संपात मी जाऊन बसत होते. तिथं एक सेविका मला म्हणाली, "ताई, तुम्ही दिवसभराचं पाळणाघर मागताय. माझं पोरगं कुणाकडं ठेवू ते पण मागा." एका गरीब बाईची सोय दुसऱ्या गरीब बाईच्या फुकट तासांवर करायची नाही, हे मागणीतच लिहायला हवं. सुटं, दुसऱ्या ओळीत नको.

पाळणाघरांचं काय झालं तेही बघा. २००६ पासून राजीव गांधींच्या नावाची पाळणाघर योजना होती, देशभरात एके काळी वीस हजारांवर पाळणाघरं होती. २०१७ मध्ये खर्चाची वाटणी बदलली, केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आला, ३० राज्यांवर पडला. संस्थांचे हप्ते थकले. २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या घरात उरली. बंद पडलेल्या एका पाळणाघराचे पाळणे मी पाहिलेत, एकात एक घालून गच्चीवर ठेवलेले, पावसात. आता 'पाळणा' या नावानं अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची नवी योजना २०२२ पासून आहे. चांगली आहे, मागा. पण किती पाळणे कमी झाले तेही विचारा.

कुठंच काही होत नाही असं नाही. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर, मातीत पडलेली मुलं पाहून तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाईल क्रेश उभी राहिली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोगनं फुलवारी काढल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, सांभाळायला गावातलीच बाई, पोटभर खाणं. हेतू कुपोषण कमी करायचा होता. पण मुलं फुलवारीत बसायला लागली आणि अक्का शाळेत परतायला लागल्या.

आता एक आपल्या घरातलं बोलते, राग मानू नका. काल आपण या सभागृहात 'श्रमांची विभागणी' यावर तीन तास बोललो. व्हरांड्यात आपली मुलं खेळत होती. त्यांना बघायला दोघीजणी बसवल्या होत्या. त्यांतली एक ज्या कार्यकर्तीची मुलगी आहे, तिला मी विचारलं, ती सहावीत आहे. काल शुक्रवार होता. शाळा होती.

पुरुषांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण तिथं आलो की सगळ्याजणी एकदम बोलायला लागतात. २०२४ च्या सरकारी कालवापर पाहणीत १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका घरातल्यांची देखभाल करताना सापडल्या, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. हे आकडे वापरा, कामाचे आहेत. त्या पाहणीची एक गोष्ट मला फार आवडली, सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारतात, म्हणजे अक्कालाही. पण दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने करतात, आणि एका रकान्यात दोन-तीन कामं झाली तर त्यातलं मुख्य कोणतं ते ठरवावं लागतं. पान कातरता कातरता पायानं झोळी हलवली, तर मुख्य काय? पान, की झोळी?

आमच्या वस्तीत आम्ही गेल्या दोन वर्षांपासून एक साधी वही वापरतो. संशोधन वगैरे काही नाही. 'मूल कोण सांभाळतं' हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी विचारतो, काल सकाळी सहाला मूल कुणाजवळ होतं? आठला? अकराला? दुपारी दोनला? पाचला? रात्री? आणि त्या वेळी त्या माणसाच्या हातात आणखी काय होतं? आई सुरुवातीला म्हणते, मीच की. मग अकरापाशी थांबते. आठवते. म्हणते, अकराला मी माल द्यायला गेले होते, तवा थोरली होती. दोनला? थोरलीच. मग स्वतःच बोटं मोजते. एकदा एका बाईनं बोटं मोजली आणि पोरीला म्हणाली, "अगं, तू शाळेत कधी जातीस?" पोरगी हसली. आई हसली नाही.

त्या वह्या घेऊन आम्ही अंगणवाडीच्या वेळा बदलून मागितल्या. त्या वस्तीतली अंगणवाडी सकाळऐवजी दहाला सुरू करून घेतली, म्हणजे माल द्यायच्या वेळेला मुलं तिथं. अधिकारी आधी म्हणाले नियमात नाही, मग झालं. वाढीव तास अजून मिळाले नाहीत, सेविकेच्या मानधनाशिवाय आम्हीही ते रेटलेले नाहीत.

कोऱ्या वह्यांचे नमुने मागच्या टेबलावर आहेत. प्रत्येक गटानं दोन वस्त्या घ्याव्यात, एक शहरातली, आणि जमलं तर एक ऊसतोडीच्या टोळीची, कारण कोयत्याबरोबर गेलेली मुलं कुठल्याच गावच्या यादीत नसतात. विचारायला संध्याकाळी जा, दुपारी कुणाला वेळ नसतो. आईच्या देखत पोरीला अडचणीत आणू नका. आणि पोरीला वेगळं विचाराल तेव्हा तिच्या हातातलं मूल आधी तुम्ही घ्या. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या. आकडे नाही जमले तरी चालेल, वेळा लिहून आणा.